ऐकणारं कोणी हाय का?

आत्या, तुझी कबर खणायला सकाळपासून दुपार टळेपर्यंत वेळ लागला. सलग दुसऱ्या वर्षी पाऊस नाही. वरची वीतभर माती निघाली आणि खाली नुसता मुरूम लागला. पहार मारली की ठिणगी उडायची. बाबा म्हणाले, थोडं पाणी मारल्याशिवाय हे हलायचं नाही. सगळे एकमेकांकडे बघायला लागले, कारण टँकर दोन दिवसांनी येणार होता. तेवढ्यात शेजारची गयाबाई, तुझ्याशी उभा जन्म भांडलेली, डोक्यावर भरलेली घागर घेऊन आली आणि सगळी घागर तिने त्या खड्ड्यात ओतली. मग कमरेवर हात ठेवून बाबांना म्हणाली, "तुमच्या ख्रिस्ती लोकांत मेलेली माणसं परत उठत्यात म्हणं. मग येवढं खोल कावून खणता?"

रडणारी माणसं हसली. मला तुझंच बोलणं आठवलं. गुडघ्यांना तेल चोळत तू म्हणायचीस, "माझा खड्डा लई खोल करू नका गं. उठायच्या वक्ताला गुडघे धरत्यात माझे."

आज नववा दिवस. आपल्यात दहावा नाही, तेरावा नाही. दिवस मोजायचं काही कारण नाही, तरी मी मोजते आहे. तुझ्या मातीपाशी पाळकसाहेब म्हणाले, "मार्थाबाई अखेरच्या श्वासापर्यंत विश्वासात अढळ राहिल्या." सगळ्यांनी माना डोलावल्या. मी डोलावली नाही. पाळकसाहेब खोटं बोलले असं मला म्हणायचं नाही. पण त्याआधीच्या रविवारी दुपारी तू मला जे विचारलंस ते फक्त मला ठाऊक होतं. निदान मला तसं वाटत होतं.

तू अंथरुणावर होतीस. तालुक्याच्या दवाखान्यातून तुला घरी आणून पंधरा दिवस झाले होते. पोटातलं दुखणं आता कमी होणार नाही हे त्यांनी बाबांना सांगितलं होतं आणि आम्ही कोणी ते तुला सांगितलं नव्हतं. तुला मात्र आमच्याआधी कळलं होतं. मी आष्टीला शिकवते त्या शाळेतून सुट्टीला आले होते. पवित्र शास्त्र वाचू का, असं विचारलं तर तू हाताने नको म्हणालीस. आठवडाभर तू नकोच म्हणत होतीस. मग कूस बदललीस, माझ्याकडे बघितलंस आणि विचारलंस, "इस्तू, तू शिकलेली हायस. खरं सांग. ऐकणारं कोणी हाय का?"

मी म्हणाले, "पाणी आणते." आणि उठून मागच्या पडवीत गेले.

रांजणापाशी मी किती वेळ उभी राहिले ते मला सांगता येणार नाही. तांब्या भरलेला होता, तरी मी उभीच होते. परत आले तेव्हा गयाबाई पुढच्या दारातून बाहेर जाताना दिसली. तुझे डोळे मिटलेले होते. मला वाटलं, झोप लागली. मला बरंच वाटलं, आत्या. हे लिहायला लाज वाटते, पण तेव्हा मला सुटल्यासारखं वाटलं. त्यानंतर तू मला काही विचारलं नाहीस. गुरुवारी तू गेलीस तेव्हा मी आष्टीत दहावीच्या परीक्षेच्या वर्गात उत्तरपत्रिका वाटत होते.

आणि आता बाबा म्हणतात, उद्याच्या रविवारी चर्चमध्ये प्रार्थना तू घे. पाळकसाहेब महिन्यातून एकदा येतात. बाकीच्या रविवारी त्या पत्र्याच्या खोलीत आपल्या आठ घरांसमोर तू उभी राहायचीस. तुला अक्षर वाचता येत नव्हतं, म्हणून शास्त्र दुसरं कोणी वाचायचं आणि प्रार्थना तू करायचीस. आता तुझ्या जागी मी. तुझ्या ज्या प्रश्नाचं उत्तर मला देता आलं नाही, तो पोटात ठेवून मी लोकांसमोर डोळे मिटून काय बोलणार? म्हणून हे आधी तुझ्याशी बोलते आहे.

मी तुझ्याकडे आले तेव्हा सात वर्षांची होते. दिवाळी झाली की आई-बाबा कोयते घेऊन ऊसतोडीला जायचे ते पाडव्याच्या सुमाराला परत यायचे. त्या वर्षी मलाही बैलगाडीत बसवलं होतं. माझ्या मांडीवर पातेल्यांचं बोचकं होतं. तू गाडीसमोर येऊन उभी राहिलीस. विधवा बाई, घरात मूल नाही, एक म्हैस आणि चार कोंबड्या. तू बाबांना म्हणालीस, "दाजिबा, कोयता तुझ्यापाशी, पोरीची पाटी माझ्यापाशी. उतरव तिला." बाबा धाकटे भाऊ, तुझ्यापुढे त्यांचं काही चालायचं नाही. त्यांनी मला उतरवलं. माझ्याबरोबरच्या किती मुली त्या गाडीतून उतरल्या नाहीत. मी आज वर्गात उभी राहून मराठी शिकवते, पगाराच्या नोकरीत आहे, आपल्या घराण्यातली पहिली पदवी माझ्या नावावर आहे. या सगळ्याची सुरुवात एका बाईने गाडी अडवली तिथून होते. तुझे आभार मी कधी मानले नाहीत. आपल्याकडे घरच्या माणसाचे आभार मानत नाहीत. त्या रिवाजामागे मी फार वर्षं लपले.

संध्याकाळी जेवणाआधी प्रार्थना असायची आणि ती लांबायची. मी लहान होते, मला भूक लागलेली असायची. एकदा आपण दोघी डोळे मिटून बसलो असताना कोंबडीने ताटातला भाकरीचा तुकडा पळवला. मी रडायला लागले तर तू म्हणालीस, "एक डोळा उघडा ठेवत जा बाय. देव काय कोंबड्या राखत बसत न्हाई." तेव्हापासून मी एक डोळा उघडा ठेवला तो कायमचा. तुझे दोन्ही मिटलेले असायचे. तू कोणाशी बोलतेस ते बघायला मी टक लावून बसायचे. कोणी दिसायचं नाही. पण तुझ्या चेहऱ्यावरून वाटायचं, समोर माणूस बसलंय.

गयाबाई तुला छळायची. "मार्था, आमचा खंडोबा बघ, घोड्यावर दिसतो तरी. तुझा देव कुनी बगितलाय?"

"दिसत न्हाई तेच बेस हाय," तू म्हणायचीस. "दिसला असता तर तुमी त्याला बी टँकरमागं घागरी घेऊन पळवला असता."

बायकांची दूध संस्था निघाली तेव्हा तुम्ही दोघीच सगळ्यात पुढे होतात. गयाबाईला बोलता यायचं म्हणून ती मीटिंगला. तुला दुधातलं कळायचं म्हणून तू संकलनाला. पहाटे बायका चरव्या घेऊन यायच्या, तू माप घ्यायचीस, कॅन भरून फाट्यावर नेऊन ठेवायचीस. दूध संघाची गाडी यायची, भरलेला कॅन चढवायची, कालचा धुतलेला रिकामा कॅन उतरवायची. भरला द्यायचा, रिकामा घ्यायचा, रोजचा शिरस्ता.

मग तो दुष्काळ आला, माझ्या दहावीचा. जनावरं चारा छावणीत गेली, गावात राहिली ती आटत चालली. चाळीस लिटरच्या कॅनात दोन-तीन लिटर दूध खळखळायचं. ड्रायव्हर रशीदभाई कॅन एका हाताने उचलून म्हणायचा, "मार्थाबाई, येवढ्याला गाडी थांबवली? दुधापेक्षा ब्रेकच जास्त झिजतो की ओ."

"मग पाणी घालून वाढवू का?" गयाबाई म्हणायची. "पर पाणी कुठलं आणावं? दुधापरीस पाणी महाग झालंय."

तो हसायचा, पण त्याने एक गोष्ट सांगून ठेवली होती. ज्या थांब्यावर सलग तीन दिवस कॅन मिळाला नाही तो थांबा यादीतून निघतो. एकदा निघाला की परत लागत नाही. त्या दिवसापासून तू घरोघर फिरायला लागलीस. कोणाकडून वाटीभर, कोणाकडून कपभर. लोक चहाला ठेवलेलं दूध द्यायचे. शिव्या देत द्यायचे, पण द्यायचे. आणि एका सकाळी तू आपल्या घरातलं, माझ्या चहाचं दूध कॅनात ओतलंस. माझा भूमितीचा पेपर होता. मी किंचाळले. मी म्हणाले, "तुझा देव आंधळा हाय अन् तू बी."

तू कॅनचं झाकण दाबून बसवलंस. "गाडी रस्ता इसरली," तू म्हणालीस, "तर पाऊस पडल्यावर दूध कुनाच्या दारात ओतायचं?"

पाळकसाहेबांनी त्या दिवशी तुझ्या मातीपाशी याचा दृष्टान्त केला. मार्थाबाई थांबा राखायच्या तशी आपण आशा राखावी, वगैरे. मला राग आला. तू दृष्टान्त म्हणून काही करत नव्हतीस. तुला थांबा राखायचा होता.

परीक्षा संपली त्या आठवड्यात एक दिवस असा आला की गावात कोणाकडे वाटीभरही दूध नव्हतं. त्याआधीचे दोन दिवसही कॅन न देताच गेले होते. तिसऱ्या दिवशी तू कॅन राखेने घासलास, उरलेल्या थेंबभर पाण्याने विसळलास आणि डोक्यावर घेऊन निघालीस. मी मागून आले. मला तुझी लाज वाटत होती आणि तुला एकटीला जाऊ द्यायचीही लाज वाटत होती. गाडी आली. रशीदभाईने झाकण उघडलं, आत बघितलं, तुझ्याकडे बघितलं. त्याने झाकण लावलं आणि तो रिकामा कॅन भरल्यासारखा दोन्ही हातांनी उचलून गाडीत चढवला. मग वरून दुसरा रिकामा कॅन काढून तुझ्यापुढे ठेवला.

"बदली झाली," तो म्हणाला. "थांबा झाला. उद्या बघू."

परत येताना तू म्हणालीस, "देवाची करणी." मी म्हणाले, "देवाची न्हाई, रशीदभाईची."

"मग मी कुठं म्हणते देव गाडी चालवतो म्हणून?"

"तू समद्यात त्याला घुसडतेस, आत्या."

"अन् तू समद्यातनं त्याला भाईर काढतेस."

हे भांडण आपण पुढची वीस वर्षं चालवलं. मी बीडला कॉलेजात शिकून आल्यावर माझ्याकडे मोठे शब्द आले, तुझ्याकडे तेच होते. मी तुला हरवलं असं मला वाटायचं. तू मला तसं वाटू द्यायचीस.

त्या वर्षी पाऊस आला, थांबा टिकला, दूध वाढलं. पण मला इथे गोड शेवट करायचा नाही, कारण तो तसा झाला नाही. पुढच्या दुष्काळात रशीदभाई गाडीवर नव्हता. नवा ड्रायव्हर तिसऱ्या दिवशी थांबलाच नाही. तू रिकामा कॅन घेऊन आठ दिवस फाट्यावर उभी राहिलीस. गाडी धूळ उडवत तुझ्या समोरून जायची. नवव्या दिवशी तू गेली नाहीस. संस्था पुढे बंदच पडली. तू त्या कॅनात बाजरी भरून ठेवलीस. आणि मी, तुझी शिकलेली इस्तू, मी तुला म्हणाले, "बघ. संपलं का न्हाई?"

माझ्या आवाजात जिंकल्याचा सूर होता. तो तुला ऐकू आला असणार. तू बाजरी पाखडत म्हणालीस, "संपलं तर संपलं बाय. पर मी उभी ऱ्हायले ती काय खोटी न्हवते."

तुझ्याबद्दल मला एक गोष्ट फार उशिरा कळली. मला वाटायचं, माझा विश्वास नाही. खरं तर मी तुझ्या विश्वासावर राहत होते, जशी तुझ्या घरात राहत होते. आजारी पडले की मनात यायचं, आत्या माझं नाव घेत असेल. नोकरीच्या मुलाखतीला बाहेर बसले होते तेव्हाही हेच मनात होतं. मला स्वतःला गुडघे टेकायची गरज कधी पडली नाही, कारण तू टेकत होतीस. आणि त्या रविवारी तूच विचारलंस, ऐकणारं कोणी हाय का. पायाखालचा धोंडा हलल्यासारखं झालं. मी हो म्हणाले असते तर ते तुझंच उसनं तुला परत केल्यासारखं झालं असतं. नाही म्हणायची हिंमत नव्हती. म्हणून पाणी.

हे सगळं मी कोणाला सांगणार नव्हते. पाळकसाहेबांचं वाक्य तसंच राहू दिलं असतं. पण तू दुधात कधी पाणी घातलं नाहीस, मग तुझ्याबद्दल लिहिताना मी कशी घालू?

काल दुपारी गयाबाई आली. तुझ्या खाटेच्या जागी भुईवर बसली. तुझ्यामागे तिला भांडायला कोणी उरलेलं नाही, त्यामुळे ती फार थकलेली दिसते. मी तिला चहा दिला. बशीत ओतता ओतता ती एकदम म्हणाली, "तू पाण्याला उठून गेलीस ना त्या दिशी, तवा मी हितंच हुते. दाराआड, वसरीवर. तूर निवडत."

मी कप खाली ठेवला. "तुमी ऐकलंत?"

"ऐकलं की. आत आले अन् म्हणलं, 'मार्था, मी हाय की ऐकाया.' तर म्हणती कशी, 'तू? तू जलमात कुनाचं ऐकून घेतलंस गं? तोंड मिटतंय का तुजं?'"

"हसली?"

"हसली. दुखत हुतं तरी हसली. मग म्हणली, 'पोरीनं मला खोटं न्हाई सांगितलं बघ. शिकलेली हाय, काय बी सांगून लावून दिलं असतं. न्हाई सांगितलं. बरं झालं.'"

गयाबाईने माझ्याकडे न बघता चहा संपवला.

"मग मला म्हणली, 'जाऊ नगं, बस.' मी हात धरून बसले. तिनं डोळे मिटले अन् पुटपुटाया लागली. तुमचं ते रोजचं. म्हणलं, 'अगं, ऐकणारं हाय का ठाव न्हाई म्हणतीस, अन् मग बोलतीस कुनाशी?' तर डोळं न उघडता म्हणली, 'इचारलं म्हणून काय बोलणं बंद करायचं व्हय?' तुजं नाव घेतलं. माजं बी घेतलं, मेलीनं. तू आलीस तवा मी उठले."

म्हणजे तू झोपली नव्हतीस. मी तांब्या घेऊन खाटेशेजारी उभी होते आणि तू प्रार्थना करत होतीस.

आत्या, तू नसताना तुझ्याशी भांडणं बरोबर नाही, पण मला तुझं पुढचं बोलणं आत्ताच ऐकू येतंय. गयाबाई म्हणजे देव नव्हे, असं तू म्हणशील. मी कुठे म्हणते? मी एवढंच म्हणते की मी पाठ फिरवून गेले तेव्हा माझी पक्की खात्री होती, त्या खोलीत तुझ्यापाशी कोणी उरलेलं नाही. माझी खात्री चुकीची होती. दाराआड माणूस बसलेलं होतं आणि त्याने तुझा शब्द न् शब्द ऐकला होता. मी इतकी वर्षं एक डोळा उघडा ठेवून जे जे बघितलं, त्यावरून कुठे कोणी नाही असं ठरवत आले. त्या बघण्यावर माझा आता पूर्वीसारखा भरवसा नाही. तुझ्या दुखण्यात देव कुठे होता ते मला कळत नाही. तुला इतकं का दुखलं, तेही नाही. फाट्यावरचे ते आठ दिवस कशासाठी होते ते मी त्यालाच विचारणार आहे, मऊ शब्दांत नाही. पण विचारायचं ते कोणाला तरीच विचारतात. तू मला विचारलंस आणि त्याच्याशी बोलणं सोडलं नाहीस. या दोन गोष्टी एकाच माणसात राहू शकतात हे मला शाळेत, कॉलेजात, कुठेच कोणी शिकवलं नव्हतं.

पाळकसाहेबांच्या वाक्यात मी तुझ्या वतीने एवढाच बदल करीन, की तू अढळ नव्हतीस. तू हललीस आणि हलता हलता बोलत राहिलीस. उठायच्या दिवसाची तू वाट बघत होतीस, गुडघ्यांच्या तक्रारीसकट. तो दिवस येईल असं मला म्हणायचं आहे. अजून ते पुटपुटण्यापलीकडे जात नाही.

आज सकाळी बाबांना सांगितलं, उद्याची प्रार्थना मी घेते. त्यांनी विचारलं, "येईल का तुला?" मी म्हणाले, "न्हाई येत." ते म्हणाले, "बरं," आणि चर्चची किल्ली माझ्यासमोर ठेवली.

पहिलं वाक्य काय असेल ते अजून ठरलेलं नाही. दुपारपासून कागद घेऊन बसले आहे आणि प्रत्येक वाक्य 'आत्या' म्हणूनच सुरू होतं. नऊ दिवस मी तुझ्याशीच बोलते आहे. उद्या ते थांबवायचं आहे, आत्या. उद्या मला त्याच्याशी बोलायचं आहे.